फोटोतला चष्मा माझ्या आईचा

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात पान चारवर त्या फाउंडेशनला पुरस्कार मिळाल्याची बातमी आणि एवढा मोठा फोटो छापलाय, 'ऊसतोड कामगारांच्या दारी आरोग्यसेवा' म्हणून. त्यात चष्मा लावून हसणारी म्हातारी माझी आई आहे. तिला पेपर दाखवला तर जवळ धरला, लांब धरला अन् विचारते, ही कुणाची रे म्हातारी? तोच चष्मा लावून विचारलं बरं का.

शिबिर झालं जानेवारीत. जानेवारीत आमच्या गावात दहा ऊसतोड कामगार शोधून दाखवा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, पाडव्याच्या आगंमागं परत येतात, हे आमच्याकडं चौथीतलं पोरगं पण सांगेल. मग दारी म्हणजे कुणाच्या, दारांना तर कुलपं होती. बायांची स्पेशल डॉक्टरीण आणली होती, चांगलंच केलं, पण ती माउली दोन वाजेपर्यंत शाळेच्या वर्गात नुसती बसून, कारण तपासायला म्हाताऱ्या सोडून बायाच नाहीत. माझी वहिनी तेव्हा कोल्हापूरकडं फडात, दोन वर्षं झाली पोट दुखतंय म्हणते, तिला फोन लावला तर म्हणाली भाऊजी त्यांना म्हणावं थांबा पाडव्यापर्यंत. तिकडं दवाखान्यात जावं तर खाडा पडतो, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक बसलं की दुसऱ्याचापण दिवस गेला, मुकादम तो उचलीत, म्हणजे आधी दिलेल्या पैशात धरतो. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढल्याचं निघालं, ते तुमच्यासकट सगळ्या पेपरांनी छापलं होतं. एवढं माहीत असून शिबिर जानेवारीत?

कारण आपल्याला कळतं की. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के खर्च समाजाच्या कामावर करावाच लागतो आणि ३१ मार्च जवळ आलेला असतो. आलेल्या पोरापोरींशी माझं भांडण नाही, बिचारी पुण्याहून पहाटे निघून आलेली, पण त्यांना पाठवणाऱ्यांनी सरपंचाला एक फोन करायला काय झालं होतं? गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी आधी लोकांना विचारलं दवाखाना कसा पाहिजे, मग त्यांच्या झोपड्यांसारखा बांधला. आम्हाला एवढंच विचारलं की बॅनर कुठं बांधू.

आता चष्म्याचं. तीन खोकी होती, आईला मधल्यातला दिला. दिसतंय का म्हणाले, समोर कॅमेरावाला उभा, ती म्हणाली दिसतंय की. चिठ्ठीवर मोतीबिंदू लिहिलंय, ऑपरेशन फुकट करू म्हणाले, खाली मोबाईल नंबर. फेब्रुवारीपासून लावतोय, बंद आहे. चिठ्ठी आईनं पोथीत ठेवलीय. वहिनी गेल्या आठवड्यात आली, आता गाव भरलंय, दिवाळीपर्यंत बाया इथंच आहेत, या म्हणावं. पुरस्कार देणाऱ्यांनापण आणा सोबत.

आणि बातमीत गावाचं नाव चुकलंय, छापलंय ते शेजारचं गाव आहे, तिथले लोक मला गाठून विचारतायत आमच्यात शिबिर कधी झालं. एसटीच्या दुपारच्या फेरीवर मागं पत्र लिहिलं होतं ते तुम्ही छापलं नाही, असू द्या, निदान ही दुरुस्ती तरी छापा. जागा नसेल तर फोटो जरा लहान करा.

आपला जुना वाचक,
ता. धारूर, जि. बीड