त्या पिस्टनच्या फोटोबद्दल

बेटा,

रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. खाली हसरा चेहरा टाकून लिहिलंस, बाबा ओळखा पाहू. ओळखलं. शटर ओढून घेतलं, चष्मा लावला आणि फोटो मोठा करकरून पाहिला. एक्झॉस्टच्या बाजूला स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवर, उभे ओरखडे, त्याच बाजूची रिंग खाचेत चिकटलेली, आणि माथ्याच्या काठावर बारीक टोचे, उंदरानं पोळी कुरतडावी तसे. ओरखडे चारही कोपऱ्यांवर असते तर म्हटलं असतं, गरम न करता पळवलीस. हे तसं नाही. इंजिन लीन चाललं होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि वर हेडमध्ये ठोके देत होतं, आणि तेही बराच वेळ.

फक्त एक लिहायचं राहिलं तुझं. हे डायनोवर, गाडी जागेवर बांधून ताकद मोजताना झालं, की ट्रॅकवर, आणि ट्रॅकवर झालं तर वर कोण बसलं होतं.

बरं ते असू दे, आधी कामाचं. हे इंजिन आपण मे महिन्यात सेट केलं होतं, आठवतं ना, ४५ डिग्री, पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नव्हता. गरम हवा पातळ, त्यामुळे मिश्रण आपोआप रिच होतं, पेट्रोल जास्त पडतं, म्हणून तू मेन जेट, ते पेट्रोलचं भोक, दोन नंबर खाली आणलास आणि बरोबरच आणलास, प्लग कसा बिस्किटाच्या रंगाचा निघाला होता. पण ते नागपूर होतं, समुद्रापासून तीनशे मीटर वर, आणि तेही मे. आता तू चेन्नईला, जवळजवळ समुद्राच्या पातळीला, जानेवारीत, सकाळी सात वाजता गाडी काढतेस. हवा घट्ट झाली आणि जेट तोच! पेट्रोल कमी पडलं की आपल्या टू-स्ट्रोकमध्ये ऑईलपण कमी पडतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्याला वेगळं ऑईल कुठून मिळणार. आणि घाबरून टू-टी ऑईल जास्त ओतू नको, नवे पोट्टे हेच करतात. त्याच भोकातून ऑईल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे आणखीनच लीन. जेट बदल, दोन नंबर वर जा, फुल थ्रॉटलला पळवून तिथंच इंजिन बंद कर, क्लच दाब, प्लग काढून बघ, मग एकेक नंबर खाली ये. रिच असलं तर दोन हॉर्सपॉवर जाईल, बाकी काही जात नाही. स्क्विश, पिस्टनचा माथा आणि हेडमधली फट, तीपण पुन्हा बघ, त्या ठोक्यांचं कारण एकटा जेट असेल असं मला वाटत नाही.

आणि क्लच लिव्हरवर दोन बोटं. कायम.

हे मी काहून सांगून राहिलो, तुला येतं सगळं. जायच्या आदल्या रात्री मी जे बोललो, की तुमचा डायनोचा ग्राफ म्हणजे सिनेमा आहे, प्लग खरं बोलतो, ते चुकलं माझं. खरं म्हणजे मला ग्राफ वाचता येत नाही. तू समजावून सांगत होतीस आणि मी उठून हात धुवायला गेलो.

नऊ वर्षांची होतीस तेव्हा स्क्विश मोजायला सोल्डरची तार प्लगच्या भोकातून तूच आत घालायचीस, माझी बोटं जाड. किक हातानं हळू फिरवायची, तार चेपून निघायची आणि तू व्हर्नियर लावून ओरडायचीस, बाबा एक पॉइंट एक! आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. तान्ह्या पोळ्याला तुझ्या लाकडी बैलाला शिंगांच्या जागी दोन जुने प्लग लावले होते, बक्षीस नाही मिळालं, आई अजून त्या परीक्षकांवर चिडते. आणि रात्री गोष्ट कुठली, तर पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या इंजिनवाल्या काडेनची. एक्झॉस्टच्या फुगीर पाइपातून लाट परत फिरते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, यावर त्यानं १९६१ ला १२५ सीसीच्या एमझेडमधून २५ हॉर्सपॉवर काढली. आपली यामाहा आरएक्स कंपनीतून ९८ सीसीला ११ घेऊन यायची. मग डेग्नर, काडेनचाच रायडर, त्याच वर्षी स्वीडनच्या रेसमध्ये त्याचं इंजिन गेलं आणि तो तिकडूनच पळाला, पुढच्या वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा चॅम्पियन. जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर एका वळणाला त्याचं नाव आहे हे ऐकून तू म्हणाली होतीस, माझंपण असेल एक वळण. तो तिथं पडला होता म्हणून ते नाव आहे, हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

बघ, पुन्हा तिथंच आलो.

पन्नास मिलीमीटरचा स्ट्रोक, १२,००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २०० वेळा तो पिस्टन वर जाऊन खाली येतो. तो चिकटला की मागचं चाक जागच्या जागी लॉक. काटोल रोडला माझं झालं तेव्हा मला कळलंच नाही काय झालं, आवाज थांबला एवढंच कळलं आणि मग मी रस्त्याला आडवा घसरत होतो. क्लच दाबायला अर्धा सेकंद मिळतो, तोही बोटं आधीच तिथं असली तर. आणि लांब सरळीनंतर थ्रॉटल एकदम बंद करून नुसती सोडू नको, आरपीएम वर असतात आणि आत ऑईलचा थेंब जात नाही, मधूनमधून थोडी पिळत राहा. झालं. आता नाही सांगत.

तुझ्या टीमच्या त्या सरांचा फोन आला होता, तुला सांगितलं नसेल त्यांनी. म्हणाले पोरगी इंजिनचा आवाज ऐकून जेटचा नंबर सांगते, कुठं शिकली? मी म्हटलं, इथंच, सक्करदऱ्याला. नंतर दिवसभर गिऱ्हाइकांशी इतका गोड वागलो की पोरगा विचारत होता, काका तब्येत ठीक आहे ना.

डब्यात संत्रा बर्फी पाठवतोय, तिच्याखाली औषधाच्या बाटलीत जेट आहेत, नंबर लावून. बर्फी वाटून खा, जेट कोणाला देऊ नको.

आई फोटोचं विचारत होती. मामाचं झाल्यापासून ती गल्लीत आरएक्सचा आवाज आला तरी खिडकी लावून घेते, तुला माहीत आहे. तिला मी सांगितलंय की इंजिन डायनोवरच जाम झालं, पट्ट्यांनी बांधलेलं होतं, वर कोणी नव्हतं. रविवारी फोन केलास की तूपण तिला हेच सांग.

मला दुकानाच्या नंबरवर कर, दुपारी दोन ते तीनमध्ये, ती झोपलेली असते.

बाबा