शनिवारची तालीम: पांढऱ्या चादरी आणा

मंडळी, बाराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी लढलेल्या स्टीफन आणि माटिल्डावरच्या आपल्या नाटकाची तालीम येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता, नेहमीच्या हॉलवर. कलाकारांनी पावणेतीनलाच यावं.

- दुसरा अंक बसवायचाय. डिसेंबर ११४२, ऑक्सफर्डच्या किल्ल्याला स्टीफनचा वेढा आणि पांढरं पांघरून बर्फातून निसटणारी माटिल्डा. तिने व साथीदारांनी घरून पांढऱ्या चादरी आणाव्यात. फुलाफुलांच्या नकोत! मागच्या वेळी पहारेकऱ्यांनाच हसू आवरेना.
- माटिल्डाला मुकुट नाही. तिचा राज्याभिषेक झालाच नव्हता.
- लाल-पांढरे गुलाब कुणी लावू नयेत. ते ‘गुलाबांचं युद्ध’, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठीचं दुसरं भांडण, तीनशे वर्षांनंतरचं.
- तलवारी लाकडीच.

जमणार नसेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. वेढा घालायला आधीच माणसं कमी आहेत.