लग्नाच्या तारखेवरून छाटणीची तारीख धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी आटोपली की आमच्या फोंडा भागात लग्नघरांची लगबग सुरू होते. हॉल, भटजी, कॅटरर सगळे कधीच ठरलेले असते. फुलांची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते आणि मग घाटावरून आलेले गुलाब मिळतील त्या भावाने घ्यावे लागतात. ज्यांच्या दारात गुलाबाची आठ-दहा झाडे आहेत, तेसुद्धा हेच करतात, कारण "आपल्या झाडांचा काय भरवसा, फुलली तर फुलली!" हा समज पक्का आहे. तो खोडून काढावा म्हणून हे पत्र.

गुलाबाचे फूल नव्या फुटीच्या टोकाला येते. फांदी छाटली की कापाखालचा डोळा फुगतो, त्यातून तांबूस कोंब निघतो, कोंब वाढून त्याच्या शेंड्याला कळी धरते आणि छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी फूल उमलते. म्हणजे छाटणीचा दिवस आपल्या हातात असेल, तर फुलण्याचा दिवसही बराचसा आपल्याच हातात असतो. लग्न 10 डिसेंबरला असेल तर मागे मोजत 26 ऑक्टोबरच्या आसपास कात्री लावावी. सगळी झाडे एकाच दिवशी छाटू नयेत. काही 22 ला, काही 26 ला, उरलेली 30 ला छाटली, तर हवेने चार दिवस पुढे-मागे केले तरी अक्षतांच्या दिवशी परडी रिकामी राहत नाही.

पुण्या-नाशिकच्या माहितीवर विसंबणाऱ्यांना एक सांगते. तिथे थंडीत रात्री चांगल्याच गारठतात, फुटवा सावकाश वाढतो आणि दिवस जास्त लागतात. आपल्याकडे डिसेंबरातही तेवढी थंडी नसते, म्हणून तिकडचा हिशेब जसाच्या तसा उचलला तर फुले आधीच उमलून गळून जातात. मुळे उघडी करून झाडाला ताण देण्याची तिकडची रीतही काळ्या, भारी जमिनीसाठी आहे. आपल्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत तिची गरज नाही.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका आणि धारदार कात्रीने घ्यावा. बोथट कात्रीने साल चेचली जाते आणि तिथूनच फांदी काळी पडत खाली वाळत येते. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी, बुंध्याशी कुजलेले शेणखत घालावे. पुढे कळी वाटाण्याएवढी झाली की तिच्या बगलेतल्या बारीक कळ्या नखाने खुडून टाकाव्यात. जीव होत नाही, पण त्याशिवाय मधले फूल टपोरे होत नाही. उन्हाचा तडाखा वाढून कळ्या घाई करू लागल्या तर दुपारपुरती हिरवी जाळी ओढावी. तरीही दोन दिवस आधी फुलणार असे दिसले, तर बाहेरची पाकळी जेमतेम सैल झालेली असताना पहाटे लांब देठासह फुले कापावीत, लगेच पाण्यात ठेवावीत आणि भांड्यासकट फ्रीजमध्ये ठेवावीत. त्या फ्रीजमध्ये केळी, चिकू मात्र नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात.

जत्रेसाठी फुले हवी असतील तर आधी पंचांग बघावे. मंगेशीची जत्रा माघ पौर्णिमेची. ती कधी फेब्रुवारीच्या आरंभी येते, तर कधी महिना संपत आल्यावर. गेल्या वर्षीच्या तारखेवर छाटणी केली तर हिशेब चुकलाच म्हणून समजा. आणि चतुर्थीला गुलाब हवाच म्हणून आषाढात कात्री कुणी लावू नये. त्या धो-धो पावसात ओल्या कापातून बुरशी शिरते आणि झाड हातचे जाते. चतुर्थीला तेरडा आहे, जास्वंद आहे, त्यांनी देव्हारा भरून जातो.

जुने गोवे येथे एला भागात कृषी विज्ञान केंद्र आहे. पाऊस ओसरताच त्यांनी गुलाब छाटणीचे एखादे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण डोळा कुठला धरायचा हे वाचून कळत नाही, फांदी हातात घेऊनच कळते. आपणही रविवारच्या पुरवणीत मुहूर्त आणि त्यापुढे छाटणीची तारीख असा छोटा तक्ता द्यावा. तो दसऱ्यापूर्वी छापून आला तर तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना उपयोगी पडेल. दिवाळीनंतर आला तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बहुतेक नवऱ्या मुलींसाठी उशीर झालेला असेल.

आपली,
एक वाचक, बांदोडे-फोंडा