मंत्रिमहोदय, बोटीवाल्यालाही म्हातारपण येते

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

वर खात्याचे नाव लिहिलेले नाही, ते विसरल्यामुळे नव्हे. आमची फाइल कोणत्या खात्याची हे तुमच्याच माणसांना अजून ठरवता आलेले नाही. मी तरी काय लिहू? ज्यांचे पत्र आहे त्यांना ओळख पटेल.

मी दापोली तालुक्यातला. वय 74. 1973 साली बोटीवर चढलो, 2009 साली उतरलो. छत्तीस वर्षे इंजिनरूममध्ये, शेवटी तेलवाला म्हणून, म्हणजे इंजिनाचे तेलपाणी बघणारा. दोन वर्षांपूर्वी आपण आमच्याकडे जेटीच्या भूमिपूजनाला आला होता. तेव्हा आमच्या सारंगवहिनी (सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याची विधवा) उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, गोव्यात खलाशाच्या विधवेला पैसे मिळतात, मला का नाही? आपण माइकवर म्हणालात, "सहा महिन्यांत आणतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटे कशाला सांगू.

गेल्या मंगळवारी आमच्या अर्जाला उत्तर म्हणून पाकीट आले. आत दोन ओळी. "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." निकाली! कुस्ती झाली की काय आमची?

आता आपल्याला मुळात माहीत नसावे, म्हणून सांगतो. खलाशांचा भविष्यनिर्वाह निधी आहे, त्याचा कायदा 1966 चा. आमचे बारा टक्के, कंपनीचे बारा टक्के. पण ते पेन्शन नव्हे. एकदाच हातात चेक पडतो आणि संपले. फंड आणि पेन्शन यांतला फरक मला निवृत्त झाल्यावर कळला, तोही मुंबईतल्या एका कचेरीत, काचेपलीकडच्या साहेबाकडून. म्हणजे तो बोलत होता, मला नुसते ओठ हलताना दिसत होते. माझा उजवा कान इंजिनरूमने घेतला आहे, डावा अर्धा. मी म्हटले, साहेब जरा मोठ्याने. त्याला वाटले मी ओरडतोय. त्याने शिपाई बोलावला. रात्रभर एसटीत बसून गेलेलो मी जिन्यात बसून डबा खाल्ला आणि परत आलो. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो या पत्रात उतरत असेल तर उतरू दे.

चेकचे काय झाले म्हणाल, तर घराचा स्लॅब, धाकटीचे लग्न, भावाचे देणे. चौथ्या वर्षी पासबुकात वाळवीला खाण्यापुरतेही उरले नाही. शिवाय परक्या झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, बोटींवर माझी अकरा वर्षे गेली, तिथे माझ्या नावाने कोणी एक पैसा भरला नाही. जमिनीवरच्या कामगाराला निदान ईपीएस-95 ही पेन्शन योजना आहे, 2014 पासून महिना किमान हजार रुपये. हजारात काय होते हे ते बिचारे रस्त्यावर बसून ओरडून सांगतातच. आमचा फंड वेगळा, म्हणून तो हजारही आम्हाला नाही.

गावात कोणी म्हणाले, श्रावणबाळ योजनेत बसा, महिना दीड हजार मिळतात. गेलो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे म्हणे. वर्षाचे, महिन्याचे नव्हे. आणि दाखला देणाऱ्याने स्लॅबकडे पाहिले. "बोटीवाले ना तुम्ही? मग डॉलर कुठे गेले?" बोटीवाला म्हणजे डॉलरवाला हे गणित कोणी घातले आहे देव जाणे. डॉलर आम्ही खाल्ले नाहीत, देशात पाठवले. तेव्हा ते परकीय चलन म्हणून गोड लागत होते.

उलट एकदा आमदार होऊन पाच वर्षे काढली की माजी आमदाराला महिना पन्नास हजार. पुढे वर्षागणिक वाढ. तिथे कोणी स्लॅब बघायला येत नाही. मी छत्तीस वर्षांत एकही वॉच (बोटीवरची पाळी) चुकवला नाही, विधिमंडळाच्या हजेरीपटाबद्दल मी बोलत नाही.

5 एप्रिलला तुम्ही सागरी दिन साजरा करता. 1919 साली त्या तारखेला 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्याची आठवण. मोठ्या लोकांच्या कोटाला छोटा झेंडा टोचतात, फोटो निघतो. 2015 साली भारताने सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्का मारला. त्यात सामाजिक सुरक्षेच्या नऊ बाबी आहेत, म्हातारपणची मदत त्यातलीच एक. पण देशाने सुरुवातीला नवांपैकी तीन दिल्या तरी पास! असला पेपर आम्हाला कधी मिळाला नाही.

जे काम तुमच्या खात्याने करायचे ते हल्ली मी पारावर बसून करतो. पोरे बोटीवर जाण्याआधी येतात. त्यांना सांगतो, नळी (म्हणजे सीडीसी, खलाशाचे नोंदपुस्तक, आम्ही जुने लोक तिला नळी म्हणतो) हातात आली की साईन-ऑन, साईन-ऑफची, म्हणजे बोटीवर चढल्या-उतरल्याची, प्रत्येक नोंद जागच्या जागी वाच. दहा वर्षांनी नवी काढशील, तेव्हा जुनीच्या पानापानाची झेरॉक्स घरी ठेव. आधारवरचे नाव आणि नळीवरचे नाव एक आहे का बघ, 'गोपाळ' आणि 'गोपाल' यांच्या मध्ये माणसाची दोन वर्षे जातात. लग्न झाले की वारस बदल. आमच्या सारंगाच्या कागदावर शेवटपर्यंत त्याच्या मेलेल्या आईचे नाव होते, आणि वहिनींनी पंधरा महिने चपला झिजवल्या. परक्या झेंड्याची बोट असेल तर सही करण्याआधी एजंटला विचार, फंड कोण भरणार? तो हसला तर समज, तुलाच भरायचा आहे. मग एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) खाते काढ, 2009 पासून ते सगळ्यांना खुले आहे, अनिवासी झालास तरी चालते. मला ते कळले तेव्हा मी बोट सोडली होती. आणि चेक मिळाला की आधी स्लॅब नको! साठी झाली की पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेत टाक, दर तीन महिन्यांनी व्याज हातात येते. दामदुप्पटवाल्याला दारात उभा करू नकोस. कागद कुठे आहेत ते बायकोला दाखवून जा.

या सल्ल्यासाठी मला मानधन नको. पण सल्ला आधी मिळाला असता तर मी आज तुम्हाला पत्र लिहीत बसलो नसतो.

मागणे फार नाही. गोव्यात निवृत्त खलाशांना आणि विधवांना महिना अडीच हजारांची योजना आहे. बांद्याची हद्द ओलांडली की समुद्र बदलतो का? आमच्या भंडाऱ्यांनी (बोटीवरचे स्वयंपाकी), सुकाण्यांनी (सुकाणू धरणारे) त्याच बोटींवर, त्याच तांडेलांच्या हाताखाली काम केले. तेवढीच रक्कम द्या, परक्या झेंड्याखालची वर्षे धरा, आणि महिन्यातून एक दिवस जिल्ह्यात माणूस बसवा. काचेशिवाय. पुढच्या वर्षी पंचाहत्तरी झाली की एसटी मला फुकट होईल, पण मुंबईचा जिना तेवढाच उंच राहील.

सारंगवहिनी रोज संध्याकाळी अंगणात येऊन विचारतात, भाऊजी, मंत्र्यांचे पत्र आले का? ते पाकीट मी अजून त्यांना दाखवलेले नाही. फळीवर देवाच्या तसबिरीमागे ठेवले आहे. त्यांना वाचता येत नाही, मलाच वाचून दाखवावे लागेल. काय वाचू, तेवढे कळवा.

आपला,
एक निवृत्त तेलवाला
(वेतनाविना)