तुळशीच्या लग्नाला ये

सत्तरी,
आश्विन वद्य एकादशी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, नाताळच्या सुट्टीत येते. ये, पण जमलं तर तुळशीच्या लग्नाला ये आणि पुढे चार दिवस राहा. रजा मागणं जड जाईल, ते कळतं, तरी सांगतो. नाताळापर्यंत मुख्य काम उरकलेलं असेल. तुला आपलं कुळागर, ही पोफळींची बाग, हिरवंगार दिसेल, ते हिरवं कशामुळे राहिलं ते दिसणार नाही.

पाऊस गेला. मळ्यातलं भात घरात आलं. परतीच्या सरींनी शेताचा एक कुणगा आडवा केला होता, तो विळ्याने कापला, बाकी मशीनने. आईने गवताची उडवी रचून घेतली. ओल आहे तोवर त्याच कुणग्यांत अळसांदे आणि कुळीथ टाकणार आहोत, पुढे ते दंवावर होतात. परसात तांबडी भाजी आणि मुळे.

सकाळी अंगणात धुकं असतं आणि दुपारी ऊन कातडी सोलतं. पोफळींना हेच दिवस वाईट. सूर्य दक्षिणेकडे कलला की नैर्ऋत्येच्या बाजूने ऊन थेट खोडावर बसतं. कडेच्या कोवळ्या पोफळींवर आधी पिवळे चट्टे येतात, मग ते तपकिरी होतात, मग खोडाला भेग जाते. झाड वाढतं, पण चार वर्षांनी वाऱ्यात नेमकं तिथेच मोडतं. म्हणून मी आणि दादा सध्या पडलेल्या झावळांच्या बुडाच्या रुंद विऱ्या गोळा करून खोडांना बांधतोय. विरी थोडी भिजवून घ्यावी, मग वळते, कोरडी फाटते. बांधायची ती ऊन लागतं त्याच अंगाला. काजूखालचं रान अजून मारायचं आहे, नवी पालवी आली की ढेकण्या किडीवरही लक्ष ठेवावं लागेल. ते दादा बघेल.

आता पाण्याचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात, कारण डोंगरावरचं पाणी बघता बघता म्हादईला जाऊन मिळतं. आपली हिवाळ्याची तयारी असते ती या पाण्यासाठी. मार्गशीर्षात पोफळीला सात-आठ दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं, चैत्र-वैशाखात तीन-पाच दिवसांच्या वर थांबता येत नाही. तोवर पुरवायचं तर ओहोळ आत्ताच अडवायला हवा.

तुळशीचं लग्न झालं की सगळे कुळागरवाले मिळून बांध घालतो. मोठे धोंडे आडवे, त्यांच्यामागे पोफळीचे ओंडके, मग पानांसकट फांद्या आणि त्यावर तांबडी चिकण माती. ती पायांनी तुडवायची. कुठून झिरपतंय ते खालच्या बाजूला उभं राहून बघायचं आणि तिथेच आणखी माती दाबायची. मग पाटात पाणी सोडतात. कोरडा पाट ते पिऊन टाकतो, पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, आणि सगळे फावडं घेऊन त्याच्या कडेकडेने चालतात. खाली सरकारने सिमेंटचा बंधारा बांधला आहे, त्याच्या फळ्या बसवल्या की खालच्या विहिरींना फायदा होतो. चांगलंच आहे ते. पण आपलं कुळागर वरच्या अंगाला, आपल्याला हाच बांध.

गोव्याच्या कायद्याने तुझा आणि दादाचा वाटा सारखा. उद्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दोघांची नावं लागतील आणि मला त्याचा आनंद आहे. पण पाण्याची आपली पाळी कोणत्या वारी, पाट कुठे फोडायचा, आपल्यानंतर पाणी कुणाकडे जातं, हे त्या कागदावर नसतं. ते आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. तू दूर राहिलीस तरी हरकत नाही, शेती तूच करावीस असा माझा हट्ट नाही. मात्र पाटावर तुला लोकांनी पाहिलेलं असावं. वाटा मागताना पाणीही मागता आलं पाहिजे, आणि ते मला तुला तिथे उभं करूनच दाखवायचं आहे. फोनवर नाही जमणार.

जुने कपडे आण, चिकण मातीचे डाग जात नाहीत. रजेचं नक्की झालं की लगेच कळव, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलून बांधाचा दिवस तसा धरतो.

तुझे,
बाबा