उमेदवार आदल्या रात्री शोधू नका

संपादक साहेब, नमस्कार.

फुले-आंबेडकर, साने गुरुजी मानणाऱ्या आपल्याच लोकांसाठी लिहितोय, तेवढं छापा. आपल्याकडे जयंती, व्याख्यान, मोर्चा असला की माणसं भरपूर जमतात, पण निवडणूक लागली की फॉर्म भरायच्या आदल्या रात्री फोन सुरू, ताई तुम्ही उभ्या राहता का. मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं असंच झालं, शिकलेली, बचत गटाचा हिशोब तोंडपाठ, जागा राखीव होती आणि जात पडताळणीला अर्ज केल्याची पावतीच जोडलेली नव्हती, छाननीत फॉर्म बाद. आम्ही दहा-बारा जण बाहेर उभे, एकालाही ती पावती लागते हे माहीत नव्हतं. पोरगी काही बोलली नाही, फाईल छातीशी धरून रिक्षात बसली. चूक आमची होती, अजून सलते.

बायकांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, तरी आजही सरपंच बाईंना काही विचारलं की नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "माले काय समजस, यास्लेच इचारा." समजत नाही असं नाही हो, आधी कोणी शिकवलंच नाही. निवडून आल्यावर यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं ट्रेनिंग असतं, पण निवडून यायच्या आधीचं कोण देणार? निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यायचा, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात, वित्त आयोगाचा पैसा कशाला वापरता येतो, ग्रामसभेत ठराव नुसता बोलून नाही तर प्रोसिडिंगला लिहून कसा घ्यायचा, हे सगळं दोन वर्षं आधीपासून बसून शिकायचं काम आहे.

आणि खान्देशाला हे नवीन नाही. १९३६ चं फैजपूर अधिवेशन, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं, त्याच्यासाठी साने गुरुजी गावोगाव फिरले होते. शहाद्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायका दारूविरुद्ध उभ्या राहिल्या, त्यांचीही शिबिरं झाली होती, बैठका झाल्या होत्या. मग आपण झेडपीच्या गटासाठी, पंचायत समितीच्या गणासाठी आतापासून माणसं का हेरत नाही? आमदारकीचं तर नंतर बघू.

आमच्या वाचनालयाचा हॉल रविवारी रिकामाच असतो. दोन माजी सरपंच शिकवायला तयार आहेत, भाषणाची प्रॅक्टिस अहिराणीतच घ्यायची असं ठरलंय. ती पोरगी येते म्हणालीय, पडताळणीचा अर्ज तिने यावेळी आधीच टाकलाय.

एक वाचक, ता. अमळनेर