बादलीभर चेंडू मारून गोल्फच्या ड्रायव्हरचा वेग वाढत नाही

संपादक महोदय,

गोल्फमध्ये लांब ड्राइव्हचा, म्हणजे दूरवर मारायच्या पहिल्या फटक्याचा, विषय निघाला की बोलणे दंडांच्या ताकदीवर येऊन थांबते. २०२० मध्ये ब्रायसन डीशॅम्बोने वजन आणि स्नायू वाढवून यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली, तेव्हा ही समजूत आणखी घट्ट झाली. दोनच वर्षांनी तीच स्पर्धा जिंकणारा मॅट फिट्झपॅट्रिक मात्र अंगाने किरकोळ. त्याने क्लब (गोल्फची काठी) वेगाने फिरवण्याचा स्वतंत्र, मोजूनमापून सराव केला होता. हौशी खेळाडूंनी अनुकरण करायचे तर याचे करावे. तो सराव कसा असतो हे क्रीडापानावर क्वचितच येते, म्हणून हे पत्र.

हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वात लांब फटक्याच्या क्लबचा, वेग साधारण ताशी ९० ते ९५ मैल असतो, पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये सरासरी ११५ मैलांच्या आसपास. चेंडू क्लबच्या मध्यावर बसला तर वाढलेला प्रत्येक मैल अंदाजे अडीच यार्ड देतो. म्हणजे पाच-सहा मैलांच्या वाढीने दुसऱ्या फटक्याला इतके कमी अंतर उरते की त्याचा क्लबच बदलतो.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभर चेंडू मारून हा वेग का येत नाही? समोर चेंडू असला की तो सरळ जावा याचीच काळजी लागते आणि हात आखडतात. शिवाय लागोपाठ मारताना शरीर लवकर दमते, आणि दमलेल्या शरीराने केलेला सराव संथ स्विंगच पक्का करतो. वेगाचा सराव धावपटूच्या स्प्रिंटसारखा करावा लागतो: थोडा, पूर्ण जोर लावून, मध्ये विश्रांती घेऊन आणि चेंडूशिवाय.

आधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. कंबर, पाठीचा वरचा भाग आणि खांदे गरम झाल्याशिवाय एकही जोरदार स्विंग नको. मग ड्रायव्हरपेक्षा सुमारे वीस टक्के हलकी काठी घेऊन पाच स्विंग, नंतर नेहमीच्या ड्रायव्हरने पाच आणि शेवटी पाच टक्के जड काठीने पाच. प्रत्येक टप्प्यात उलट्या बाजूने, म्हणजे उजव्याने डावखुऱ्यासारखे, दोन-तीन स्विंग घालावेत, म्हणजे शरीराची एकच बाजू राबत नाही. दोन स्विंगमध्ये २० ते ३० सेकंद आणि दोन टप्प्यांमध्ये दोन मिनिटे थांबावे. ही विश्रांती सर्वात आधी गाळली जाते आणि तिथेच सराव फुकट जातो. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, तेही एक दिवस आड. वेग मोजणारा छोटा रडार असेल तर प्रत्येक स्विंगचा आकडा पाहावा. त्या दिवसाच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा वेग चार टक्क्यांनी घसरला की काठी खाली ठेवावी.

खास काठ्या नसतील तर ड्रायव्हर उलटा धरावा, मूठ क्लबहेडच्या (चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या) जवळ शाफ्टवर (दांडीवर), आणि फिरवताना ‘सूंऽऽ’ आवाज कुठे होतो ते ऐकावे. तो चेंडूच्या जागेपाशी किंवा किंचित पुढे यायला हवा. मागच्या खांद्याजवळच आवाज आला तर मनगटे लवकर उघडली, म्हणजे वेग चेंडूपर्यंत पोचण्याआधीच खर्च झाला. याचे नेहमीचे कारण म्हणजे वरून हातांनी ओढण्याची घाई. ग्रिप करकचून धरणे हेही तितकेच मोठे कारण. आखडलेल्या मनगटांतून क्लब सुटत नाही.

ही घाई मोडायला पाऊल टाकून केलेला स्विंग फार उपयोगी आहे. दोन्ही पाय जुळवून उभे राहावे, क्लब मागे न्यावा आणि तो वर पोचण्याच्या जरा आधीच पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकावा. क्लब अजून मागे जात असताना भार पुढे सरकतो, मग कंबर, धड, हात आणि शेवटी क्लब असा क्रम आपोआप लागतो. पाऊल क्लब वर थांबल्यावर पडले तर ड्रिलचा काहीच उपयोग नाही. पावलाबरोबर डोके चेंडूच्या पुढे गेले तर चेंडू उंच उडतो किंवा उजवीकडे वळतो.

पाऊल टेकल्यावर डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली येताना, पुढच्या पायाने जमीन खाली ढकलून गुडघा सरळ करावा. वेगाचा मोठा वाटा इथे आहे. पण ढकलताना कंबर चेंडूकडे सरकली तर फटका क्लबच्या टाचेवर, म्हणजे दांडीकडच्या कडेवर, बसतो. कंबर मागे आणि वर जायला हवी. ज्यांची कंबर ताठ आहे त्यांनी बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, पुढच्या पायाची टाच खुशाल उचलावी. महान अमेरिकी गोल्फपटू जॅक निक्लस आयुष्यभर ती उचलत आला. टाच जमिनीला चिकटवून ठेवण्याचा सल्ला सरसकट सगळ्यांना देणे मला चुकीचे वाटते.

हलक्या काठीशिवाय निव्वळ जड क्लबच फिरवत राहणे टाळावे. त्यानंतर ड्रायव्हर हलका लागतो, म्हणून वेग वाढल्यासारखे वाटते. रडारवर तो बहुधा वाढलेला नसतो. पाठीत, कोपरात किंवा बरगडीत बोचरी कळ आली तर सराव त्याच क्षणी थांबवावा. बरगडीला सूक्ष्म तडा जाणे ही गोल्फमधली खरीखुरी दुखापत आहे आणि ती स्नायूदुखी समजून अंगावर काढली जाते.

मिळवलेला वेग चेंडूवर उतरवणे हे वेगळे काम. क्लबचा वेग १०० मैल असून चेंडू कडेला बसला आणि त्याला १.४० पटच वेग मिळाला, तर चेंडू १४० मैलांनी सुटतो. ९५ मैलांच्या स्विंगने मध्यावर घेतलेला चेंडू १.४८ पटीने त्याच्याही किंचित पुढे जातो. म्हणून सत्राच्या शेवटी थोडी विश्रांती घेऊन आठ-दहा चेंडू मारावेत, चेंडूचा ठसा दिसावा म्हणून क्लबच्या तोंडावर पायांना मारायची पावडर फवारून. पहिले काही आठवडे ठसे इकडेतिकडे पडतील. ते टाचेकडे किंवा टोकाकडे एकाच जागी पडू लागले, तर वेग कमी न करता आधी चेंडूपासूनचे अंतर तपासावे.

आपला,
एक गोल्फ प्रशिक्षक